प्रतिसृष्टी आणि साक्षी : अमळनेरच्या अज्ञानचर्चेच्या आधारे एका नव्या मताची परीक्षा

आपल्यासमोर पसरलेले हे जग म्हणजे कोणा अतिप्रगत बुद्धीने संगणकावर चालविलेली एक अनुकृती आहे, आणि चैतन्य मात्र त्या अनुकृतीच्या पलीकडे, तिच्यापासून स्वतंत्र असे अस्तित्वात आहे, हे मत अलीकडे वारंवार ऐकू येते. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी ते मांडतात तेव्हा बहुधा त्यापुढे आणखी एक विधान जोडतात : हे तर आपल्या मायावादाचेच आधुनिक रूप होय. प्रबंधिकांतून हे समीकरण इतक्या सहजतेने येऊ लागले आहे, की ते सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावर आहे असे लेखकांना वाटतही नसावे. प्रस्तुत लेखात या समीकरणाची परीक्षा करावयाची आहे. त्यासाठी शंकराचार्यांपर्यंत एकदम मागे जाण्यापूर्वी आपल्याच खानदेशात, अमळनेर येथे, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झालेल्या एका चर्चेचा आधार घेणे अधिक फलदायी होईल असे वाटते.

प्रथम शब्दाविषयी. 'सिम्युलेशन' या शब्दाला 'आभास' हा मराठी प्रतिशब्द सर्रास योजला जातो; परंतु तो योजताच निम्मा वाद आधीच निकालात निघतो, कारण आभास म्हटले की मिथ्यात्व आलेच. त्यापेक्षा 'प्रतिसृष्टी' हा शब्द बरा. विश्वामित्राने त्रिशंकूसाठी निर्मिलेली सृष्टी खोटी होती असे पुराणकार म्हणत नाहीत. ती दुसरी होती, नव्याने रचलेली होती, एवढेच. या शब्दात कर्ता आहे, हेतू आहे, पण खोटेपणा गृहीत नाही. पुढील विवेचनात हा फरक उपयोगी पडेल.

या मताला तार्किक प्रतिष्ठा मिळाली ती निक बोस्ट्रॉम यांच्या २००३ सालच्या निबंधाने. तो 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हे स्कॉटलंडमधील, १९५० साली सुरू झालेले त्रैमासिक. नेमक्या याच नावाचे एक त्रैमासिक त्याच्या कितीतरी आधीपासून अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरातून निघत होते व जगाच्या सत्यमिथ्यत्वाची चर्चा त्याच्या पृष्ठांवर नित्याची होती, हा योगायोग खानदेशातील वाचकाला नोंदवावासा वाटणारच. दुसरा योगायोग त्याहून गमतीचा आहे. १९४५ साली याच अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना काढणारी कंपनी पुढे विप्रो या नावाने संगणक-उद्योगात शिरली. योगायोगांवरून सिद्धान्त काढू नयेत हे खरे, म्हणून ते येथेच सोडून देऊ.

बोस्ट्रॉम यांचे प्रतिपादन असे, की तीन विधानांपैकी निदान एक खरे असले पाहिजे. एकतर आपल्यासारख्या जवळजवळ सर्व संस्कृती अतिप्रगत अवस्थेला पोहोचण्यापूर्वीच नष्ट होतात. किंवा त्या अवस्थेला पोहोचलेल्या संस्कृतींना आपल्या पूर्वजांच्या प्रतिसृष्टी चालविण्यात रस उरत नाही. किंवा आपण जवळजवळ निश्चितपणे प्रतिसृष्टीतच राहत आहोत. तिसरे विधानच खरे, असे बोस्ट्रॉम म्हणत नाहीत, हे त्यांच्या लोकप्रिय अनुयायांच्या ध्यानात क्वचितच येते. या युक्तिवादाचे बळ संख्येत आहे. प्रतिसृष्टी चालविणे शक्य झाले, तर तेथे निर्माण होणाऱ्या मनांची संख्या मूळ सृष्टीतील मनांपेक्षा प्रचंड मोठी होईल. मग आपण त्या बहुसंख्यांत नसून अल्पसंख्यांत आहोत असे मानण्यास आधार काय? परंतु ही गणना करण्यासाठी एक गोष्ट गृहीत धरावी लागते, आणि बोस्ट्रॉम ती उघडपणे गृहीत धरतात. चैतन्याला मेंदूतील पेशींचीच गरज नाही. योग्य रचना व योग्य प्रक्रिया असली, की ती सिलिकॉनवर चालो की अन्य कशावर, तेथे चैतन्य उद्भवेल. या गृहीतकाला आपण आधारनिरपेक्षता म्हणू.

येथेच आपल्या विद्यार्थ्यांच्या मताचे दोन तुकडे एकमेकांपासून फुटून वेगळे होतात. चैतन्य प्रतिसृष्टीच्या पलीकडे आहे असे म्हटले, तर ते संगणकातील प्रक्रियेतून उद्भवत नाही असे म्हटल्यासारखे होते. ते उद्भवत नसेल तर आधारनिरपेक्षता गेली. आधारनिरपेक्षता गेली की प्रतिसृष्टीत मोजण्याजोगी मनेच उरली नाहीत. आणि मोजण्याजोगे काही नसेल तर आपण बहुसंख्यांत असण्याची संभाव्यताही गेली. म्हणजे मताचा उत्तरार्ध ज्या क्षणी मान्य करावा, त्या क्षणी पूर्वार्धाचा एकमेव सबळ पुरावा नाहीसा होतो. यावर कोणी म्हणेल, की बाहेरचे चेतन जीव खेळाडूप्रमाणे प्रतिसृष्टीला जोडलेले आहेत. तसे असेल तर अनुभव घेणाऱ्यांची संख्या बाहेरच्या खेळाडूंहून अधिक होऊ शकत नाही. एकच खेळाडू पुनःपुन्हा अनेक जीवने जगतो असे म्हणून संख्या वाढविता येईल. परंतु मग संगणकाच्या शक्तीवर उभारलेला युक्तिवाद सोडून आपण पुनर्जन्माच्या कल्पनेवर विसंबलो आहोत, हे प्रामाणिकपणे सांगावे लागेल. डेव्हिड चामर्स यांनी आपल्या २०२२ च्या 'रिअॅलिटी प्लस' या ग्रंथात सर्वस्वी संगणकांतर्गत असलेले रहिवासी आणि बाहेरून जोडलेले जीव, असा भेद स्पष्ट केला आहे. तो भेद न करता दोन्हींचे लाभ घेऊ पाहणे हा या लोकप्रिय मताचा मूलभूत दोष होय.

आता अमळनेरकडे वळू. श्रीमंत प्रताप शेठ यांच्या औदार्याने १९१६ साली अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या एका तालुक्याच्या गावी पदवीधरांना बोलवावे, त्यांनी कोणतीही परीक्षा न देता केवळ विचार करावा, ही कल्पनाच त्या काळी विलक्षण होती, आणि आजही तितकीच विलक्षण वाटते. जी. आर. मलकानी यांनी या संस्थेत आपले आयुष्य वेचले. कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ तिचे संचालक होते, आणि त्यांचा 'द सब्जेक्ट अॅज फ्रीडम' हा ग्रंथ १९३० साली येथूनच प्रकाशित झाला. १९३३ साली मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांचा 'अज्ञान' हा इंग्रजी ग्रंथ निघाला. इंग्रजी ग्रंथाला संस्कृत शब्द शीर्षक म्हणून ठेवण्यात एक मुद्दा आहे : 'इग्नरन्स' म्हटले की केवळ माहितीचा अभाव सूचित होतो, आणि अद्वैतातील अज्ञान हा केवळ अभाव आहे की काही भावरूप तत्त्व, हाच तर वादाचा विषय. या ग्रंथात तिघांनी एका सुरात उत्तर दिलेले नाही. अद्वैताच्या बाजूने ठामपणे उभे राहणारे मलकानी आणि अज्ञानाच्या कल्पनेने खरोखर काही उलगडते का, याविषयी साशंक असलेले दास यांच्यातील ताण हाच त्या ग्रंथाचा प्राण आहे. एकाच संस्थेत, एकाच छपराखाली राहणाऱ्या विचारवंतांनी संस्थेच्या मूलभूत सिद्धान्ताविषयी मतभेद छापून प्रसिद्ध करावेत, ही परंपरा आपल्या विभागांत किती टिकली आहे, हा प्रश्न येथे अप्रस्तुत ठरेल.

'अज्ञान' या ग्रंथाचा प्रस्तुत विषयाशी संबंध असा. जग जसे दिसते तसे नाही, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला तीन गोष्टींचा हिशेब द्यावा लागतो : भ्रम कोणाला होतो, तो कशावर होतो, आणि तो दूर कसा होतो. प्रतिसृष्टीवादी यांपैकी शेवटच्या प्रश्नाचा विचारच करीत नाही, आणि अद्वैताचा सारा भार त्यावरच आहे.

दोरीवर साप दिसतो. दिवा आणल्यावर तो साप नव्हताच असे कळते. या कळण्याला अद्वैती बाध म्हणतो. मिथ्यात्व म्हणजे बाधित होण्याची योग्यता. बाध झाल्यावाचून मिथ्यात्वाचे विधान करण्याचा अधिकार नाही. शंकराचार्यांचे ब्रह्मसूत्रभाष्य पाहावे. दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात विज्ञानवाद्याचे खंडन करताना, जागृतीतील प्रतीती स्वप्नासारखी आहे हे मत ते स्पष्टपणे नाकारतात, आणि त्याचे कारण हेच देतात, की स्वप्नाचा जागेपणी बाध होतो, जागृतीतील वस्तूचा तसा बाध कोणत्याही अवस्थेत होत नाही. गौडपादांची भूमिका याहून पुढे जाते हे खरे, आणि या दोघांचा मेळ कसा घालावा यावर विद्वानांचे एकमत नाही. तथापि मायावादी म्हणजे जगाला स्वप्न म्हणणारा, ही समजूत किती वरवरची आहे, हे दाखविण्यास एवढे पुरे.

आता प्रतिसृष्टीचा बाध कशाने होईल? समजा, अवकाशाची जडणघडण सूक्ष्म जाळीसारखी आहे असे उद्या आढळले. २०१२ साली बीन, दावूदी व सॅव्हेज या भौतिकशास्त्रज्ञांनी अतिउच्च ऊर्जेच्या विश्वकिरणांत अशा जाळीच्या खुणा शोधता येतील काय, याचा गंभीरपणे विचार केला होता. तशा खुणा सापडल्या तरी ते ज्ञान प्रतिसृष्टीच्या आतील एक ज्ञान असेल. त्याने टेबल नाहीसे होणार नाही, भूक शमणार नाही, आणि दोरीवरील साप जसा 'नव्हताच' ठरतो तसे काहीही ठरणार नाही. पदार्थाच्या अंतरंगाविषयी आपल्याला एक नवी, कदाचित थक्क करणारी माहिती मिळेल. अणू सापडला तेव्हा भिंत खोटी ठरली नव्हती.

चामर्स नेमके हेच म्हणतात. प्रतिसृष्टीतील झाड हे झाडच आहे. ते अंकांचे बनलेले आहे, एवढाच फरक. येथे आपला 'प्रतिसृष्टी' शब्द सार्थ ठरतो. चामर्स यांचे म्हणणे अद्वैताच्या भाषेत सांगावयाचे तर असे, की प्रतिसृष्टीची सत्ता प्रातिभासिक नसून व्यावहारिक आहे. हे मान्य केले, की एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. प्रतिसृष्टी आणि ती चालविणारा संगणक यांत सत्तेची पायरी बदलत नाही. दोन्ही व्यावहारिक, दोन्ही दृश्य, दोन्ही जड. बाहेरच्या जगातील शास्त्रज्ञालाही आपले जग प्रतिसृष्टी नाही कशावरून, हा प्रश्न विचारता येतो, आणि त्याच्या बाहेरच्यालाही. ही अनवस्था आहे. अद्वैतातील अधिष्ठान म्हणजे आणखी एक वरचा मजला नव्हे. मजल्यांची कल्पनाच ज्याच्यापुढे गैरलागू ठरते ते अधिष्ठान. संगणकाला ब्रह्माच्या जागी बसविणारा विद्यार्थी दृश्याला द्रष्ट्याच्या आसनावर बसवितो, आणि दृग्दृश्यविवेकाची पहिली पायरीच चुकतो.

प्रमाणांविषयीची अडचणही येथेच उद्भवते. प्रतिसृष्टीवादी आपल्या जगातील भौतिकशास्त्र व संगणकशास्त्र यांच्या आधारे हिशेब मांडतो आणि शेवटी ते सारे शास्त्र एका रचलेल्या जगाचे शास्त्र असू शकते या निष्कर्षाला येतो. मग बाहेरच्या जगातही संगणकाची शक्ती तशीच असेल याला आधार काय? आपल्याकडे हा आक्षेप उपजीव्यविरोध या नावाने परिचित आहे. ज्या प्रमाणावर अनुमान जगते त्याच प्रमाणाचा गळा त्या अनुमानाने आवळू नये, असे द्वैती पंडित अद्वैत्याला बजावीत. व्यासतीर्थांच्या 'न्यायामृता'त हा वाद विस्ताराने आहे. मधुसूदन सरस्वतींनी 'अद्वैतसिद्धी'त दिलेल्या उत्तराचा आशय असा, की अनुमानाला प्रत्यक्षाचे व्यावहारिक प्रामाण्य लागते, आणि ते आम्ही नाकारीतच नाही. नाकारतो ते त्याचे पारमार्थिक प्रामाण्य. हे उत्तर पटो वा न पटो, अद्वैत्यापाशी ते देण्यासाठी सत्तेच्या दोन पायऱ्या आहेत. प्रतिसृष्टीवाद्यापाशी त्या नाहीत, कारण त्याचे आतले जग व बाहेरचे जग एकाच पायरीवर आहेत. या एका बाबतीत तरी जुना पंडित नव्या तर्कज्ञाहून अधिक सावध होता असे म्हणावे लागते.

'पलीकडे' या शब्दाचा विचार आता करावयास हवा, कारण मताच्या उत्तरार्धाचे सारे आकर्षण त्यात आहे. खेळाडू पडद्यापलीकडे खुर्चीत बसला आहे, तसे चैतन्य जगापलीकडे कोठेतरी बसले आहे, असे चित्र मनासमोर येते. भट्टाचार्यांचा १९३० चा ग्रंथ या चित्राला मुळातच छेद देतो. ग्रंथ अत्यंत घट्ट भाषेत लिहिलेला आहे, आणि तो प्रथम वाचनात कळला असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. परंतु त्याची वाट अशी आहे. माझे शरीर इतर वस्तूंप्रमाणे मला बाहेरून दिसते, पण ते मला आतूनही जाणवते, आणि हे जाणवणे म्हणजे आणखी एक वस्तू पाहणे नव्हे. रिकाम्या खोलीत गेल्यावर तेथे नसलेल्या माणसाचे 'नसणे' मला जाणवते; हे नसणे काही समोरच्या वस्तूंपैकी एक नाही. अशा रीतीने शरीरभावापासून मनोभावाकडे, प्रतिमा व विचार यांकडे, तेथून भावना व अंतर्निरीक्षण यांकडे, विषयी हा विषयापासून पायरीपायरीने सुटत जातो. स्वातंत्र्य म्हणजे हे सुटणे. शेवटी 'मी' या शब्दाचा जो अर्थ हाती येतो, तो कोणत्याही वस्तूचा अर्थ नसतो; म्हणून त्याला स्थळ नाही, जगाच्या आतही नाही आणि बाहेरही नाही.

या दृष्टीने पाहता खुर्चीतला खेळाडू हा चैतन्याचे उत्तम उदाहरण नसून त्याविषयीच्या अज्ञानाचे उत्तम उदाहरण ठरतो. सोंग घेणारा सोंगाबाहेर असतो, पण गावाबाहेर नसतो. त्यालाही देह असतो, पोट असते, सोंग उतरविल्यावर घरी जावे लागते. खेळाडूचे जग आपल्या जगाइतकेच दृश्य असेल, तर त्याला 'पलीकडचा' म्हणण्याने साक्षी सापडला नाही, फक्त त्याचा पत्ता बदलला.

इथपर्यंतचे विवेचन वाचून अद्वैताने निर्विवाद विजय मिळविला असे कोणास वाटेल, म्हणून मराठी परंपरेतील सर्वांत धारदार आक्षेप मांडणे आवश्यक आहे. तो ज्ञानदेवांचा. 'अमृतानुभवा'च्या सातव्या प्रकरणात त्यांनी अज्ञानाचे जे खंडन केले आहे, ते प्रतिसृष्टीवाद्याइतकेच पोथीनिष्ठ अद्वैत्यालाही अस्वस्थ करणारे आहे. अज्ञान ज्ञानावाचून सिद्ध होत नाही, आणि ज्ञानात ते असू शकत नाही. मग ते राहते कोठे? जगाच्या दिसण्याला कारण म्हणून अज्ञान कल्पावे, तर ज्याचे स्वतःचेच अस्तित्व ठरत नाही त्याला कारण म्हणणे कसे शक्य आहे? ज्ञानदेवांचा पर्याय असा, की द्रष्टाच दृश्य होऊन स्वतःला पाहतो. दिसणे हे झाकणे नसून उमलणे आहे. यालाच अभ्यासक चिद्विलास म्हणतात. ज्ञानदेव शांकरमताचेच अनुयायी की त्यांचे दर्शन स्वतंत्र, हा वाद मराठीत दीर्घकाळ चालला आहे व तो येथे उकरून काढण्याचे कारण नाही. आपल्या प्रश्नापुरते एवढे खरे, की ज्ञानदेवांच्या भूमिकेतून जगाला पडदा मानण्याचीच आवश्यकता उरत नाही. पडदा नसेल तर पडद्यापलीकडचा खेळाडूही नाही. १९३३ च्या अमळनेर-ग्रंथात दासांनी उपस्थित केलेल्या शंका आणि तेराव्या शतकातील हे खंडन यांची तुलना एखाद्या विद्यार्थ्याने करावी; प्रस्तुत लेखकाच्या मते 'मॅट्रिक्स' या चित्रपटावरील दहा निबंधांपेक्षा तिचे मोल अधिक ठरेल.

राहता राहिला आचाराचा प्रश्न, आणि तो क्षुल्लक नाही. संगणकी खेळांत ज्यांच्यामागे कोणी खेळाडू नाही अशी पात्रे असतात. त्यांना मारले तरी कोणाला वेदना होत नाही. चैतन्य पलीकडे आहे आणि प्रत्येक देहामागे ते असेलच असे नाही, असे एकदा मानले, की समोरचा मनुष्य अशा पोकळ पात्रांपैकी नाही कशावरून, ही शंका येते. तरुणांच्या बोलण्यात इतरांविषयी अशी भाषा थट्टेने येऊ लागली आहेच. या बाबतीत अद्वैताच्या अभिमान्यांनीही हात झटकू नयेत. प्रकाशानंदांच्या 'वेदान्तसिद्धान्तमुक्तावली'त मांडलेला दृष्टिसृष्टिवाद आणि त्याला लागून असलेला एकजीववाद यांत इतर जीव हे एकाच जीवाच्या स्वप्नातील पात्रांसारखे होतात. भेद असा, की अद्वैतात तो एक जीवही 'मी अमुक' या अभिमानासकट बाधित व्हावयाचा असतो. दुसऱ्याला पोकळ ठरवून स्वतःला भरीव ठेवण्याची सोय तेथे नाही. प्रतिसृष्टीवादात ती सोय आहे. मी खेळाडू, तुम्ही पात्र, ही वाटणी करण्यास त्यात कोणतीही तार्किक आडकाठी नाही, आणि म्हणूनच तो सिद्धान्त म्हणून अपुरा व वृत्ती म्हणून धोकादायक वाटतो.

अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ राहून पांडुरंग सदाशिव साने १९२४ साली तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली, आणि ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. तेराव्या अध्यायात क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ यांचा विवेक येतो. देहाहून वेगळा असा जो जाणता, त्याचा विचार तेथे गिरणीकामगार, शेतकरी, सत्याग्रही अशा श्रोत्यांना डोळ्यांसमोर ठेवूनही करता येतो, हे त्या प्रवचनांवरून दिसते. पुढल्याच वर्षी शेजारच्या अमळनेरातून 'अज्ञान' हा ग्रंथ बाहेर पडला. या दोन ग्रंथांचा एकत्र अभ्यास केला असता असे आढळते, की एकाला साक्षीचे स्वरूप ठरवावयाचे आहे आणि दुसऱ्याला साक्षी सर्वांत सारखाच आहे हे मानून वागावयाचे आहे. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा मंदिराबाहेर उभ्या असलेल्या माणसांमागे कोणी खेळाडू आहे की नाही, असा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता.